ऑक्टोबर ते फेब्रुवारी : बांधावरची फुलपाखरं ओळखायची, वाढवायची आणि मोबाईलमध्ये टिपायची कशी?

कोल्हापूर : पाऊस उघडला, भात कापणीला आलं आणि ऊसतोडीची लगबग सुरू झाली की जिल्ह्यात फुलपाखरं सगळ्यात जास्त दिसतात. पावसात वाढलेल्या झाडोऱ्यावर अळ्या पोसल्या जातात आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांची फुलपाखरं होऊन बाहेर पडतात. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट रानापासून ते गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडच्या डोंगरापर्यंत कुठंही राहणाऱ्या माणसाला ती घराजवळच बघता येतात. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाईल, थोडा धीर आणि कुठल्या झाडावर काय असतं याची माहिती एवढं पुरतं. ही माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

महाराष्ट्राचं फुलपाखरू कोणतं?

राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०१५ साली ब्लू मॉर्मॉनला हा मान मिळाला. मराठीत त्याला राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात. काळ्याभोर पंखांवर निळे पट्टे, पंख पसरले की १२ ते १५ सेंटिमीटर. लिंबू आणि माकडलिंबूच्या जातीतल्या झाडांवर त्याची अळी वाढते. जिल्ह्याच्या पश्चिम भागात, झाडी आणि ओढा जवळ असेल तिथं ते दिसतं. कधीकधी शहरातल्या बागेतही येतं.

त्याहून मोठं सदर्न बर्डविंग. काळे आणि पिवळेजर्द पंख, रुंदी १४ ते १९ सेंटिमीटर. दुरून बघणाऱ्याला पक्षी उडाल्यासारखंच वाटतं. हे सह्याद्रीच्या दाट जंगलातलं. ईश्वरीच्या वेलीवर त्याची अळी जगते. वेल गेली की फुलपाखरूही गेलं, इतकं हे नातं घट्ट आहे.

भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून जास्त जाती आहेत आणि पश्चिम घाटात सव्वातीनशेच्या वर. राधानगरी अभयारण्य १९५८ साली जाहीर झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. गव्यांसाठी ते सगळ्यांना माहीत आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात राधानगरी आहे. फुलपाखरांच्या दृष्टीनेही हा भाग तितकाच श्रीमंत आहे.

फुलपाखरू की पतंग?

शेतकऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, ही अळी पिकाची की फुलपाखराची? प्रौढ किडा समोर असेल तर मिशा बघाव्यात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला काडीपेटीच्या काडीसारखी गाठ असते. पतंगाची मिशी पिसासारखी किंवा दोऱ्यासारखी असते. फुलपाखरू बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून बसतं, पतंग पंख पसरून किंवा कौलासारखे टाकून बसतो.

मक्यावर २०१८ पासून धुमाकूळ घालणारी अमेरिकन लष्करी अळी ही पतंगाची. रेशीम उत्पादक शेतकरी जो किडा पाळतात तोही पतंगच. म्हणजे दिसली अळी की मारा, हा हिशेब बरोबर नाही. फुलपाखरांच्या बऱ्याचशा अळ्या रुई, टाकळा, बांडगूळ, रानगवत अशा बिनकामाच्या समजल्या जाणाऱ्या झाडांवर जगतात. पिकाला थोडाफार त्रास देणाऱ्या जाती मोजक्याच. लिंबाच्या रोपवाटिकेत लाइम फुलपाखराची अळी कोवळी पानं फस्त करते. तुरीच्या आणि घेवड्याच्या फुला-शेंगांत पी ब्लू या छोट्या निळ्या फुलपाखराची अळी सापडते. लिंबाच्या लहान रोपावरची अळी उचलून मोठ्या झाडावर सोडली तरी काम भागतं.

कुठल्या झाडाजवळ थांबायचं?

फुलपाखरू हुडकत फिरण्यापेक्षा त्याचं झाड हुडकणं सोपं. मादी अंडी घालायला त्याच झाडावर येते.

• कढीपत्ता, लिंबू, बेल : लाइम आणि कॉमन मॉर्मॉन. घराच्या परसात सहज सापडणारी ही दोन.

• रुई : प्लेन टायगर. नारिंगी पंख, काळी-पांढरी टोकं. रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं, म्हणून पक्षी त्याला सहसा टाळतात.

• कण्हेर, वड, उंबर : कॉमन क्रो. काळपट तपकिरी, कडेला पांढरे ठिपके. याचा कोष चांदीच्या दागिन्यासारखा चकाकतो.

• बहावा, टाकळा : एमिग्रंट जातीची पिवळी-पांढरी फुलपाखरं. झपाट्यानं उडतात, थव्यानं दिसतात.

• एरंड : कॉमन कॅस्टर. अळी हिरवी, अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे.

• कृष्णकमळ : टॉनी कोस्टर. तांबूस, संथ उडणारं, फोटोसाठी सोपं.

• घोळ : डॅनेड एगफ्लाय. याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. विष नसूनही विषारी फुलपाखराचा वेश घेते आणि पक्ष्यांपासून वाचते.

• आंब्यावरचं बांडगूळ : कॉमन जेझेबेल, मराठीत हळदी-कुंकू. पंखाखाली हळदीसारखा पिवळा आणि कुंकवासारखा लाल रंग. याच्या अळ्या घोळक्यानं बांडगुळाची पानं खातात, आंब्याला हात लावत नाहीत.

मध पिण्यासाठी मात्र फुलपाखरांना झाडाची एवढी निवड लागत नाही. एकदांडी, घाणेरी, झेंडू, सदाफुली, तुळशीच्या मंजिऱ्या, बांधावरची सोनकी, सगळं चालतं. दसरा-दिवाळीला झेंडूच्या पट्ट्याजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी पाच-सहा जाती मोजून होतात.

थंडीत नेमकं काय बदलतं?

फुलपाखराच्या अंगात स्वतःची ऊब नसते. उडण्याचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे लवकर जाऊन उपयोग नाही. ऊन अंगावर आलं की ती पानावर पंख उघडून शेकत बसतात. साधारण साडेआठ ते साडेदहा ही वेळ सोन्यासारखी. या वेळी ती सुस्त असतात, जवळ जाऊ देतात. अकरानंतर वेग वाढतो.

दुसरा बदल रंगाचा. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन हे गवतावर, भातावर वाढणारं तपकिरी फुलपाखरू. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखाखाली ठळक डोळ्यासारखे ठिपके असतात. थंडीत जन्मलेल्यात ते ठिपके जवळजवळ गायब होतात आणि पंख वाळक्या पानासारखा दिसतो. पाचोळ्यात बसलं तर दोन फुटांवरून दिसत नाही. जात एकच, पण ऋतूप्रमाणे कपडे वेगळे. पावसाळ्यातला आणि थंडीतला असे दोन फोटो एकाच जागी काढून ठेवले तर मुलांना शाळेत दाखवायला यापेक्षा चांगला धडा नाही.

तिसरी गोष्ट खुळखुळ्याची. नोव्हेंबरमध्ये खुळखुळ्याच्या शेंगा वाळतात तेव्हा ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो यांचे नर त्या वाळक्या झाडावर डझनानं चिकटून बसलेले दिसतात. ते मध पीत नसतात. त्या झाडातलं एक कडू रसायन ते शोषतात. त्यापासून मादीला आकर्षित करणारा वास तयार होतो आणि शत्रूपासून संरक्षणही मिळतं. भुरुंडीच्या वाळक्या काड्यांवरही हेच चालतं. याच टायगर आणि क्रो जातींची फुलपाखरं दक्षिण भारतात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोठ्या संख्येनं स्थलांतर करतात. एका दिशेनं सलग जाणारी फुलपाखरं दिसली तर तारीख, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी. अशा नोंदी अभ्यासकांना फार उपयोगी पडतात.

घरी अळी वाढवायची पद्धत

सुरुवात कढीपत्त्यावरच्या किंवा लिंबावरच्या अळीपासून करावी. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर गोल अंडं एकेकटं दिसतं. तीन-चार दिवसांत अळी निघते. आधी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, शेवटच्या टप्प्यात हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून तांबूस-नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरायचं कारण नाही, ती चावत नाही.

१. डबा : बिस्किटाचा किंवा मिठाईचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्यावा. तोंडाला मच्छरदाणीचा कपडा बांधावा. नुसती भोकं पाडलेलं झाकण असेल तर आत दमटपणा साठतो आणि बुरशी येते.

२. पाला : त्याच झाडाचा, फवारणी न झालेला. बाजारातून आणलेला कढीपत्ता घालू नये, त्यावर औषधाचा अंश असू शकतो आणि अळी एका रात्रीत मरते. डहाळी छोट्या बाटलीत पाण्यात ठेवावी, पण बाटलीचं तोंड कापसानं बंद करावं. नाहीतर अळी पाण्यात पडून मरते.

३. सफाई : रोज लेंड्या झाडून काढाव्यात. खाली वर्तमानपत्र अंथरलं की सोपं जातं.

४. हात : अळी बोटानं उचलू नये. ती बसलेलं पानच उचलावं किंवा रंगाचा मऊ ब्रश वापरावा. एका डब्यात तीन-चारपेक्षा जास्त अळ्या नकोत.

५. कोष : दोन-तीन आठवड्यांनी अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि डब्यात भिरभिरू लागते. ती आजारी नाही, जागा शोधते आहे. आत एक-दोन वाळक्या काड्या उभ्या ठेवाव्यात. लाइमची अळी कमरेभोवती रेशमाचा दोरा बांधून डोकं वर करून टेकते. प्लेन टायगरची उलटी लोंबकळते. त्यानंतर डबा हलवू नये.

६. बाहेर येणं : उबदार दिवसांत आठ ते चौदा दिवसांत कोष काळपट किंवा पारदर्शक होतो, आतला पंखांचा रंग दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघतं. पंख आधी चुरगळलेले असतात. लोंबकळायला काडी मिळाली तर तासाभरात सरळ होतात. या वेळी त्याला हात लावला तर पंख कायमचे वाकडे राहतात. खाली लालसर पाणी पडतं, ते रक्त नव्हे.

७. सोडणं : पंख वाळून ते फडफडू लागलं की ऊन असताना फुलांजवळ सोडावं. संध्याकाळी निघालं असेल तर रात्रभर डब्यातच ठेवून सकाळी उन्हात सोडावं. बाटलीत जपून ठेवायचा मोह टाळावा.

थंडीत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कोष पंधरा दिवसांत फुटला नाही म्हणून तो मेला असं समजून फेकू नये. काही जातींचे कोष थंडीत झोपी जातात आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही थांबतात. कोष ताजा, वजनदार वाटत असेल तर तो जिवंत आहे. उंदीर-मुंग्यांपासून लांब, सावलीत ठेवावा. चुलीजवळ किंवा बल्बखाली ऊब देऊ नये. ऐन थंडीत फुलपाखरू निघालं तर बाहेर त्याला पुरेशी फुलं मिळत नाहीत.

कधी कोषातून किंवा अळीतून फुलपाखराऐवजी बारीक माशी किंवा गांधीलमाशीसारखा किडा निघतो. तो परजीवी. मादीनं अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात. यात वाढवणाऱ्याची चूक नाही. हेच किडे शेतातल्या नुकसानकारक अळ्याही आटोक्यात ठेवतात.

सावधगिरी

रुईचा चीक डोळ्याला गेला तर गंभीर इजा होते. पानं तोडताना मुलांना एकटं सोडू नये, नंतर साबणानं हात धुवावेत. कण्हेरीचं सगळं झाड विषारी आहे. केसाळ सुरवंट, जे बहुतेक पतंगांचे असतात, त्यांना हात लावू नये. अंगाला आग आणि खाज सुटते. ऊस आणि गवताच्या कडेनं फिरताना पायात बूट हवेत. बिबट्याचा वावर असलेल्या गावात लहान मुलांना उसाजवळ एकटं पाठवू नये.

अभयारण्यातून अंडी, अळी, कोष किंवा फुलपाखरू काहीही आणणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या यादीत कितीतरी फुलपाखरंही आहेत. घरी वाढवायची ती परसातल्या आणि बांधावरच्या नेहमीच्या जातीचीच. जंगलातली जंगलात बघायची. दाजीपूरला जायचं असेल तर प्रवेश कधी सुरू आहे ते वन्यजीव विभागाकडे आधी विचारून घ्यावं.

मोबाईलवर फोटो

• लेन्स आधी सुती कपड्यानं पुसावी. खिशातल्या धुळीनं निम्मे फोटो खराब होतात.

• सूर्य पाठीमागं ठेवावा, पण आपली सावली फुलपाखरावर पडू देऊ नये. सावली पडली की ते उडतं.

• पायानं न जाता खाली वाकून, इंच इंच पुढं सरकावं. एकदम हात पुढं केला की संपलं. उडालं तर तिथंच थांबावं, बरीच फुलपाखरं पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात.

• बोटांनी जास्त झूम केलं की चित्र फाटतं. लांबून एक फोटो काढून ठेवावा, मग जवळ जाऊन दुसरा.

• मोबाईल पंखाला समांतर धरावा, म्हणजे पूर्ण पंख स्पष्ट येतो. स्क्रीनवर फुलपाखराच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस करावा. बटण दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलमध्ये एकापाठोपाठ फोटो निघतात, त्यातला एक नक्की चांगला येतो.

• ओळख पटायला पंखाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू लागतात. ज्या झाडावर बसलं त्या पानाचाही एक फोटो घ्यावा.

• फ्लॅश नको. पंख धरून, फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करून किंवा मेलेलं फुलपाखरू फुलावर ठेवून काढलेला फोटो हा खोटा फोटो.

ओढ्याच्या ओल्या वाळूवर, जनावरांच्या मुतानं भिजलेल्या मातीवर फुलपाखरं घोळक्यानं बसतात. बहुतेक नर असतात आणि ते मातीतलं मीठ, खनिजं शोषतात. तिथं ती इतकी गुंग असतात की नवशिक्यालाही फोटो मिळतो. जानेवारी-फेब्रुवारीत डोंगराकडच्या ओढ्यांवर हे दृश्य हमखास.

नाव कसं कळणार?

फोटो आयनॅचरलिस्ट या मोफत ॲपवर टाकला की नाव सुचवलं जातं आणि जाणकार ते तपासतात. रेंज नसली तरी फोटो काढून ठेवावा, घरी येऊन टाकता येतो. मोबाईलचं लोकेशन चालू असलं की ठिकाणाची नोंद आपोआप होते. बटरफ्लाइज ऑफ इंडिया या वेबसाइटवर जातवार फोटो, अळ्यांची झाडं आणि आढळ दिलेला आहे. पुस्तकांमध्ये कृष्णमेघ कुंटे आणि आयझॅक किहिमकर या अभ्यासकांची पुस्तकं प्रसिद्ध आहेत. २०२० पासून देशभर सप्टेंबर हा बिग बटरफ्लाय मंथ म्हणून पाळला जातो. त्यात गावातली शाळाही भाग घेऊ शकते. कोल्हापूर शहरात येणं झालं तर शिवाजी विद्यापीठाच्या सुमारे ८५० एकरांच्या परिसरात आणि तिथल्या वनस्पती उद्यानात सकाळी फिरावं.

महिन्याप्रमाणे काय बघाल?

ऑक्टोबर : सगळ्यात जास्त जाती. झेंडू, एकदांडीवर लक्ष. अळ्या वाढवायला सर्वांत चांगला काळ.

नोव्हेंबर : खुळखुळ्यावर टायगर आणि क्रोचे घोळके. टाकळा वाळायला लागतो.

डिसेंबर : हळदी-कुंकू घाणेरीच्या फुलांवर खाली उतरतं. वाळक्या पानासारखी इव्हिनिंग ब्राऊन.

जानेवारी : संख्या कमी. ओढ्याकाठी बघावं. घरातले कोष सांभाळावेत.

फेब्रुवारी : ऊन वाढतं, लिंबाला नवी पालवी येते आणि अंड्यांचा नवा हंगाम सुरू होतो.

बांध राहिला तर फुलपाखरू राहील

जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात ऊस एकसलग झाला, तशी फुलपाखरांची जागा बांधापुरती उरली. नोव्हेंबरमध्ये बांधावर तणनाशक मारलं की अळ्यांचं खाणं आणि मोठ्यांचा मध एकदमच जातो. थंडीत दुसरीकडं फुलं कमी असतात, त्यामुळं तो फटका पुढच्या पिढीवर पडतो. तोडणीनंतर पाचट पेटवलं की त्यात लपलेली फुलपाखरं, अळ्या आणि कोषही जळतात. पाचट कुजवणारे शेतकरी जमिनीचा कस टिकवतात, तसंच हे जीवही वाचवतात.

यासाठी वेगळा खर्च नाही. बांधाची एक तीन फुटांची पट्टी न फवारता सोडावी. रुई, टाकळा, एकदांडी एका कोपऱ्यात राहू द्यावी. फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी करावी, म्हणजे मधमाश्या आणि फुलपाखरं कमी सापडतात. परसात एक कढीपत्ता आणि एक लिंबू लावलं तरी वर्षभर अंडी येतात. अळीनं पानं खाल्ली तरी काळजी नको. मोठ्या झाडाला पुन्हा पालवी फुटते, आणि तोवर त्याच डहाळीवर कोष लागलेला असतो.